मदत हवी आहे : जुनी पॉन्टिॲक जीटीओ दान करताना काय पाहावे?

नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. माझ्या यजमानांनी हौसेने सांभाळलेली १९६९ सालची पॉन्टिॲक जीटीओ त्यांच्या पश्चात गॅरेजमध्ये उभी आहे. तिच्या ४०० घन इंची व्ही-८ इंजिनाखाली ठेवलेल्या ट्रेमधले तेल दर महिन्याला पुसायचे, एवढाच आता माझा तिच्याशी संबंध. ती धर्मादाय संस्थेला द्यावी, असे मुलांनी व मी ठरवले आहे.

अडचण अशी की, संस्थेने गाडी न वापरता सरळ विकली, तर करवजावट साधारणपणे विक्रीच्या रकमेपुरतीच मिळते, आणि मोडक्या गाड्यांच्या रांगेत लिलाव झाला तर तिला कवडीमोल भाव येईल, ही मला खरी भीती आहे. वाहनदुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेने ती वर्गात खरोखर वापरली, तर बाजारभाव धरता येतो. मात्र ५,००० डॉलरपेक्षा जास्त वजावटीसाठी पात्र मूल्यांककाचा लेखी अहवाल लागतो. (मला स्वतःला मुलांनी तिच्यावर हात काळे केलेले अधिक आवडेल.)

ज्यांनी अशी गाडी दान केली आहे, त्यांनी कृपया सांगावे : जुन्या गाड्यांची जाण असलेला मूल्यांकक कसा शोधलात, १०९८-सी या प्रपत्रावर (वाहनदानाबद्दल संस्था दात्याला देते तो करविषयक कागद) वापराचा उल्लेख संस्थेकडून आधीच कबूल करून घेतलात का, आणि यजमानांच्या नावाचे टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) प्रथम माझ्या नावावर करून घ्यावे का?