मदत हवी आहे : सोलापुरात सीव्हीएस (बाळाच्या तपासणीसाठी वारेचा नमुना घेणं) कुठे होतं?

एका जोडप्यासाठी विचारतोय. मामाच्या मुलीशी लग्न, गरोदरपणाचा नववा आठवडा चालू. बाईंचं एचबी ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) 5.2 टक्के, म्हणजे बीटा थॅलेसेमिया मायनर (या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक) नक्की. नवऱ्याचं 3.4 आलंय, पण एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) 68, म्हणजे कमी, आणि फेरिटिन (लोहाचा साठा) खूप कमी. लोहाची कमतरता ए-टू खाली ओढते, त्यामुळे हा रिपोर्ट नॉर्मल धरू नये असं माझं ठाम मत. एरवी लोह देऊन एचपीएलसी (ए-टू मोजणारी तपासणी) पुन्हा केली असती, पण इथे तेवढी सवड नाही. थेट दोघांची डीएनए तपासणीच करायला हवी.

दोघंही मायनर निघाले तर दर गरोदरपणात मूल मेजर (आजाराचं गंभीर रूप असलेलं) होण्याची शक्यता 25 टक्के. सीव्हीएस अकराव्या आठवड्यापासून होतं. त्याआधी दोघांचं म्युटेशन (जनुकातला नेमका बदल) हाती हवं, नाहीतर बाळाच्या नमुन्यात नेमकं काय शोधायचं तेच लॅबला कळत नाही.

म्हणून विचारतो :

ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं दोघांचं रक्त सोलापुरातून पुण्या-मुंबईला कोणती लॅब पाठवते, रिपोर्टला किती दिवस लागतात?

सीव्हीएस इथेच करणारे, हात बसलेले फीटल मेडिसिनचे (पोटातल्या बाळाच्या तपासणी-उपचारांचे) डॉक्टर आहेत का? नसतील तर परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेत नाव कसं नोंदवायचं? आईच्या पेशी मिसळल्या तर निकाल चुकतो, म्हणून अशी मिसळ झाली का हे तपासणारीच लॅब सांगा.

ताजी माहिती असणाऱ्यांनी कृपया आजच लिहा.