लेट्रोझोलने आईचे सांधे धरलेत, गोळी बदलता येते का?

आई ६१ वर्षांची. स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, रेडिएशन झालं, केमो लागली नाही. रिपोर्टमध्ये ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) ८/८, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) ६/८, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे गाठ हॉर्मोनवर वाढणारी. चार महिन्यांपासून रोज लेट्रोझोल ही हॉर्मोन अडवणारी गोळी २.५ मिलिग्रॅम चालू आहे, पाच वर्षं घ्यायला सांगितलंय.

अडचण अशी की सकाळी उठल्यावर तिची मूठ वळत नाही. मनगटं, गुडघेही धरतात. परवा पाकिटातल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं, ती एक दिवसाआड घेतेय. विचारलं तर म्हणे, "माझी पाळी जाऊन अकरा वर्षं झाली. आता कुठलं हॉर्मोन उरलंय अडवायला?" मला उत्तर देता आलं नाही. त्यात मावशीने 'हॉर्मोनच्या गोळ्यांनीच कॅन्सर होतो' असं भरवून दिलंय.

पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे. त्याऐवजी टॅमॉक्सिफेन ही दुसरी हॉर्मोनविरोधी गोळी घेता येईल का? पूर्वी एकदा तिच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, म्हणून विचारतेय.

प्रतिसाद:
आईंचा प्रश्न रास्त आहे, मलाही तोच पडला होता. पाळी गेली की अंडाशयांचं काम थांबतं, पण ॲड्रीनल ग्रंथी अँड्रोजेन बनवतच असतात आणि चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम त्याचं इस्ट्रोजेन करतं. थोडंच, पण ईआर ८/८ असलेल्या पेशींना तेवढं पुरतं. लेट्रोझोल त्या एन्झाइमलाच अडवतं. मावशींच्या मनात बहुधा एचआरटी (पाळी गेल्यावरच्या त्रासासाठी देतात ती हॉर्मोनची औषधं) असावी. त्यात हॉर्मोन देतात, इथे तोडतात.

सांधे या गोळीने धरतात, आई कुरकुर करत नाहीयेत. माझीही हीच गोळी होती, ती डॉक्टरांनी काही आठवडे थांबवली आणि मग एक्झेमेस्टेन (त्याच गटातलं दुसरं औषध) दिलं. दुखणं गेलं नाही, पण सोसवेल इतकं झालं. रोज चालण्याचाही उपयोग झाला (पहिले दहा दिवस सोडून!). टॅमॉक्सिफेनने गुठळीचा धोका वाढतो, तेव्हा ती जुनी गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, फाइलमध्ये असेलच असं धरू नका. आणि तीन आठवडे कशाला थांबताय? फोन करा. हाडांची डेक्सा (घनता मोजणारी तपासणी) झालीय का? लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात.

धागाकर्ती:
डेक्सा नाही झालेली. गोळ्या चुकवल्याचं सांगितलं तर आई माझ्यावर भडकणार, पण उद्या सकाळीच फोन करते.