खडीच्या ड्राइव्हवेवर एटीव्हीने बर्फ काढणे: ब्लेड किती इंची, चेन लागते का?

उत्तरकिनारा
घर मिनेसोटात, डलूथच्या उत्तरेला. ड्राइव्हवे ३०० फूट लांब, १० फूट रुंद, खडीचा, रस्त्याच्या बाजूला थोडा उतार. ५०० सीसीची फोर-व्हील-ड्राइव्ह एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी चारचाकी गाडी) आहे, तिला २५०० पौंडी विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आहे. आता प्लाऊ घ्यायचाय, म्हणजे गाडीपुढे लावायचं, विंचने उचलायचं बर्फ ढकलणारं ब्लेड. ब्लेड ४८ इंची घ्यावं की ६० इंची? खडी उखडू नये म्हणून काय करतात? चाकांना पकडीसाठी चेन (साखळ्या) लागेलच का?

फावडंमुक्त
६० इंचीच घ्या. ब्लेड सरळ धरलं तर बर्फ पुढ्यात साचत जातो आणि थोड्याच अंतरात गाडी अडते. म्हणून बहुतेक वेळ ते एका बाजूला तिरकं ठेवूनच चालवायचं असतं. ३० अंश तिरकं केलं की ६० इंची ब्लेडचा पट्टा ५२ इंच उरतो, ४८ इंचीचा मात्र ४२ इंचांहूनही कमी. गाडीच ४८ इंचांच्या आसपास रुंद असते. म्हणजे लहान ब्लेडमागून एका बाजूचं चाक न काढलेल्या बर्फावरून जातं, तो दाबून टाकतं आणि रात्रीत त्याचा दगडासारखा थर होतो. तो थर मग एटीव्हीच्या ब्लेडला निघत नाही.

खडीसाठी सगळी मदार ब्लेडच्या उंचीवर आहे. ब्लेडखालचे स्किड शूज (ज्यांवर ब्लेड टेकून सरकतं ते पाय) असे लावा की खालची धार जमिनीपासून पाऊण ते एक इंच वर राहील. हे गॅरेजच्या सपाट फरशीवर मोजून घ्या, ड्राइव्हवेवर नाही. मोसमातले पहिले एक-दोन बर्फ तळापर्यंत काढूच नका. त्यावरून गाडी फिरवून ते दाबून गोठू द्या. हा थर एकदा बसला की खाली खडी सुरक्षित राहते आणि ब्लेड त्यावरून सरकतं. काही जण २ इंची जाड पीव्हीसी पाइप लांबीत चिरून धारेवर बसवतात. गोल कड खडीत रुतत नाही, पण पाइप झिजतो, बदलत राहावा लागतो.

ट्रिप स्प्रिंगही बघा. दगडाला धडकलं की ब्लेड पुढे कलंडायला हवं. स्प्रिंग फार घट्ट असेल तर तो धक्का पुश ट्यूब (ब्लेड गाडीला जोडणारे दांडे) आणि फ्रेमवर जातो. फार सैल असेल तर ओल्या, जड बर्फातही ब्लेड सारखं कलंडतं आणि बर्फ मागे राहतो.

आणि जागा! पहिल्याच बर्फात दोन्ही कडा ड्राइव्हवेच्या दोन-तीन फूट बाहेरपर्यंत मागे ढकला. कडेचे ढीग गोठतात, मग ते हलवता येत नाहीत आणि फेब्रुवारीपर्यंत रस्ता आक्रसत जातो. जमीन गोठण्याआधी कडेने खुंट्या रोवून ठेवा, म्हणजे बर्फातही कडा कळतील. वादळ थांबायची वाट बघू नका, दर चार इंचांना एक फेरी मारा. भुसभुशीत बर्फाचं एक घनफूट ३ ते ५ पौंडांचं असतं, ओल्याचं १५ पौंडांच्याही वर जातं.

विंचवाला
विंचला स्टीलची केबल असेल तर प्लाऊसाठी बदला. ब्लेड उचलताना केबलचा तोच फूटभर तुकडा पुन्हा पुन्हा वाकतो, तारा तुटतात आणि हाताला टोचतात. सिंथेटिक दोर लावा, किंवा पुढे प्लाऊचा वेगळा आखूड पट्टा जोडा, म्हणजे झिजला की तेवढाच बदलता येतो.

ब्लेड पूर्ण वर आल्यावर बटण दाबून धरलं तर दोर तुटतो, नाहीतर विंचची प्लेट वाकते. शेवटच्या टप्प्यात बटण थोडं-थोडंच दाबा. शंभर वेळा उचल-ठेव होते आणि इंजिन संथ असताना तेवढी वीज तयार होत नाही, त्यामुळे बॅटरी उतरते. काम संपलं की चार्जरला लावून ठेवा. गाडी उभी करताना ब्लेड जमिनीवर टेकवा.

गॅरेजवाला
चेन: उतार आहे म्हणजे लागणार. मागच्या चाकांना पुरते. पुढच्या चाकांना लावायच्या आधी सीव्ही बूट (एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण) आणि सस्पेन्शनपासून किती फट उरते ते चाक पूर्ण वळवून बघा, नाहीतर बूट फाटतो. मागच्या रॅकवर वाळूची पोती ठेवली की पकड वाढते, पण रॅकवर लिहिलेल्या मर्यादेतच.

कायम लो गिअरमध्ये चालवा. हायमध्ये हळू ढकलताना सीव्हीटीचा (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या यंत्रणेचा) पट्टा घसरतो, तापतो आणि जळतो. ढिगाला वेगात धडक देऊन तो सरकवू नका, एक्सल आणि पुश ट्यूब त्यातच जातात. आणि दर वेळी निघण्याआधी थ्रॉटल दाबून सोडा, तो झटकन परत यायला हवा. केबलमध्ये पाणी गोठलं असेल तर थ्रॉटल दाबलेलाच राहतो. हे तपासल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकायचीच नाही.

उत्तरकिनारा
खूप उपयोगी माहिती, आभार. ६० इंची ठरलं. बर्फ टाकायला जागा दोनच: घरामागचं मोकळं गवत, ज्याखाली सेप्टिकचं ड्रेनफील्ड (सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत मुरवणारे पाइप) आहे, किंवा रस्त्यापलीकडचा चर. कुठे टाकू?

फावडंमुक्त
दोन्हीकडे नको. ड्रेनफील्डवर पडलेला मोकळा बर्फ हीच त्याची गोधडी. त्यावरून एटीव्ही गेली की बर्फ दाबला जातो, त्यातली हवा जाते, थंडी खोल उतरते आणि पाइप गोठतात. तिकडे चाकच नेऊ नका.

रस्ता ओलांडून बर्फ नेणं मिनेसोटात बेकायदा आहे. मागे राहिलेला पट्टा गोठतो आणि त्यावर गाड्या घसरतात. ड्राइव्हवेच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला, तुमच्याच हद्दीत टाका. सरकारी प्लाऊ तुमच्या बाजूने डावीकडून येतो. डाव्या हाताला ठेवलेला ढीग तो पुन्हा तुमच्याच तोंडाशी आणून घालतो.