पाणी चढलं की साइट झोपते: 2 जीबीचा व्हीपीएस, अपाची आणि वारंवार मरणारा मायएसक्यूएल

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी, कोयना-वारणेचा विसर्ग आणि पाणलोटातला पाऊस एका पानावर देणारी छोटी वर्डप्रेस साइट चालवतो. जाहिराती नाहीत, उत्पन्न नाही, हौस आहे. एरवी फारसं कोणी फिरकत नाही. पण पाणी 30 फुटांच्या वर सरकलं की लिंक व्हॉट्सॲपवर गल्लोगल्ली फिरते, आणि नेमकी तेव्हाच साइट आडवी होते. पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. या दोन आकड्यांच्या मधे असताना माणसाला ठरवायचं असतं की फ्रीज वरच्या मजल्यावर न्यायचा का, गाडी कुठे लावायची, आईला बहिणीकडे पाठवायचं का. आणि पानावर दिसतं काय, तर ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’, म्हणजे डेटाबेसशी जोडणी होत नाही.

मशीन, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर (व्हीपीएस): 2 जीबी रॅम, उबुंटू 22.04, पानं वाटणारा अपाची, त्याच्याच पोटात पीएचपी चालवणारं मॉड-पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल 8, सगळं एकाच ठिकाणी. स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही. अपाची जिवंत असतो, मायएसक्यूएल मेलेला. उठवला की थोडा वेळ चालतो, पुन्हा मरतो. त्याच्या एरर लॉगमध्ये मरण्याआधी कसलीच कुरकूर नाही, एकदम पुढची ओळ नव्याने सुरू झाल्याची. होस्टिंगवाल्यांचं एकच पालुपद: मोठा प्लॅन घ्या. पैसे टाकायला हरकत नाही हो, पण कशासाठी टाकतोय ते तरी कळू दे. मायएसक्यूएल काढून मारियाडीबी हा त्याच जातीचा दुसरा डेटाबेस टाकू का?

जुगाडू_देव

दर पाच मिनिटांनी मायएसक्यूएल जिवंत आहे का बघायचं, नसेल तर सुरू करायचं, अशी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या वेळापत्रकात) एक ओळ टाका. माझ्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. झोप लागते.

रात्रपाळी

देवा, झोप तुम्हाला लागते, त्या वेळी साइट बघणाऱ्याला नाही. शिवाय अर्धवट मेलेला इनोडीबी (मायएसक्यूएलचा डेटा सांभाळणारा भाग) प्रत्येक वेळी उठताना आधी रिकव्हरी करतो, आणि त्याच क्षणी दारात थांबलेले सगळे आत घुसतात.

कृष्णाकाठ, मारियाडीबीच्या वाटेला तूर्त जाऊ नका. तक्रार न करता मेला म्हणजे स्वतःहून पडलेला नाही, बाहेरून कोणीतरी मारलाय. ‘सिग्नल 9’ ने, म्हणजे तडकाफडकी मारायच्या आज्ञेने, मारलं की प्रोसेसला शेवटची ओळ लिहायलाही वेळ मिळत नाही. मायएसक्यूएलचा लॉग ठेवा बाजूला, कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, लॉग बघा. लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल आज्ञेला ‘-के’ लावून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. आणि गर्दी असताना अपाचीची एकेक प्रोसेस किती मेमरी खाते तेही पीएसमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) आरएसएसच्या, म्हणजे व्यापलेल्या रॅमच्या, रकान्यात बघून इथे टाका.

कृष्णाकाठ_सांगली

सापडलं! ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ आणि कंसात मायएसक्यूएलडी, म्हणजे मायएसक्यूएलचीच प्रोसेस. बऱ्याच वेळा आहे. अपाचीच्या प्रोसेस साधारण 60 एमबीच्या आसपास. पण एक कोडं सुटत नाही. त्यातली एक नोंद 03:12 ची आहे. पहाटे सव्वातीनला आख्खी सांगली माझी साइट बघत बसलीय, हे मला पटत नाही. बॉट असतील का?

रात्रपाळी

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असणार. साडेपाच तास मिळवा: सकाळचे 8:42. आठची पातळी तुम्ही किती वाजता टाकता?

कृष्णाकाठ_सांगली

साडेआठच्या सुमारास. आणि लगेच ग्रुपांवर लिंक जाते. बरं, आता कळलं.

रात्रपाळी

मग हिशोब मांडू. उबुंटूच्या अपाचीत प्रीफोर्कसाठी (एका वेळच्या प्रत्येक जोडणीला वेगळी प्रोसेस देणारी पद्धत, मॉड-पीएचपीसोबत हीच असते) मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स मुळात 150 असतं. म्हणजे एका वेळी 150 प्रोसेस जन्माला घालायची परवानगी. 150 गुणिले 60 झाले 9000 एमबी. तुमच्याकडे आहेत 2000 च्या आतबाहेर, त्यातले पाचेकशे मायएसक्यूएलला, दोन-अडीचशे बाकीच्या पसाऱ्याला. उरले साधारण 1200. म्हणजे 20 प्रोसेस. शंभराची पंगत बसते अशा घरात साडेसातशे जणांना आवतण दिलंय असं समजा.

आता मरतो मायएसक्यूएलच का? कर्नल प्रत्येक प्रोसेसला वेगवेगळं मोजतो. अपाचीची पोरं एकेकटी 60 एमबीची, मायएसक्यूएल एकटाच पाचशेचा. मेमरी संपली की सगळ्यात जाडा दिसतो त्याचा बळी. खाल्लं अपाचीने, गेला मायएसक्यूएल. मायएसक्यूएल बदलून मारियाडीबी आणलात तर तोही त्याच जागेवर उभा राहील.

मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स 18 करा. आरएसएसमध्ये सामायिक मेमरी प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा धरली जाते, त्यामुळे खरा खर्च थोडा कमीच असेल, पण पुराच्या दिवसांत हात राखूनच ठेवावा. कीपअलाइव्हटाइमआउट मुळात 5 सेकंद असतं; प्रीफोर्कमध्ये पान देऊन झाल्यावरही ती प्रोसेस एका फोनसाठी तेवढा वेळ नुसती बसून राहते. 1 किंवा 2 करा. 2 जीबीची स्वॅप फाइल जोडा, पण तिच्यावर विसंबू नका. ती मरण लांबवते, इतकंच.

मेघा_पुणे

18 केल्यावर एकोणिसावा माणूस कुठे जाणार? त्याला एरर दिसेल ना?

रात्रपाळी

नाही, तो रांगेत थांबतो. लिसनबॅकलॉग, म्हणजे त्या रांगेची मर्यादा, मुळात 511 आहे, तेवढी जोडणी कर्नल धरून ठेवतो. पान दोन-चार सेकंद उशिरा उघडेल. पानच न दिसण्यापेक्षा हे बरं. रांग लांबतच गेली तर मात्र फोनवर टाइमआउट दिसायला लागेल, त्यासाठी पुढचं काम करावं लागेल: पान तयार करायचा खर्च कमी करणं.

मेघा_पुणे

त्यावरच येत होते. पातळी तासाला एकदा बदलते ना? मग प्रत्येक फोनसाठी पीएचपी आणि डेटाबेस का जागवायचा? डब्ल्यूपी सुपर कॅश हे प्लगइन (तयार पान साठवून ठेवणारं) टाका, त्यात एक्स्पर्ट मोड निवडा. तयार एचटीएमएल फाइल अपाची परस्पर देतो, पीएचपीपर्यंत विनंती जातच नाही. नवी पातळी टाकली की ती फाइल पुसली जाते ना, तेवढं आधी तपासा. पुरात तासाभराचा शिळा आकडा दाखवणं हे साइट बंद असण्यापेक्षा वाईट.

सवड मिळेल तेव्हा मॉड-पीएचपी सोडून पीएचपी-एफपीएम (पीएचपी अपाचीबाहेर वेगळं चालवणारं) आणि इव्हेंट एमपीएमवर (प्रीफोर्कऐवजी थ्रेड वापरणारी अपाचीची पद्धत) जा. आत्ता साधं चित्र द्यायलासुद्धा 60 एमबीची प्रोसेस अडकते. एफपीएममध्ये पीएचपीची पोरं वेगळी राहतात, त्यांची संख्या पीएम.मॅक्स_चिल्ड्रनने बांधता येते, आणि फाइली हलके थ्रेड वाटतात. पण हे काम पावसाळ्यात नको. नोव्हेंबरात करा.

आणि पान आपोआप रिफ्रेश होतं का? पुराच्या रात्री लोक टॅब उघडाच ठेवून बसतात.

कृष्णाकाठ_सांगली

होतं, दर मिनिटाला. दहा मिनिटांवर नेलं. मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स 18, कीपअलाइव्हटाइमआउट 2, स्वॅप जोडली, कॅश लावली. नवी पातळी टाकून दोन वेगळ्या फोनवर बघितलं, आकडा लगेच बदलतो. कालच्या पावसात पाणी चांगलंच वर आलं होतं, साडेआठची गर्दीही झाली, मायएसक्यूएल जागेवर. ॲक्सेस लॉग चाळताना एक्सएमएल-आरपीसीच्या (बाहेरच्या ॲपना वर्डप्रेसशी बोलायच्या दरवाजाच्या) फाइलवर ढिगाने पोस्ट विनंत्या दिसल्या, कुठकुठल्या देशांतून. तो दरवाजा बंद करू?

रात्रपाळी

करा. पासवर्ड ठोकून बघणारे बॉट आहेत ते, आणि तिथे कॅशचा उपयोग नाही, प्रत्येक विनंती पीएचपी जागवते. फक्त पुलावरून फोनच्या वर्डप्रेस ॲपने पातळी टाकत असाल तर ते ॲप अडू शकतं. आधी ब्राउझरमधून टाकून बघा, मग बंद करा.

आणखी एक. पुढच्या मोठ्या गर्दीत अपाचीच्या एरर लॉगमध्ये ‘सर्व्हर रीच्ड मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स सेटिंग’ अशी ओळ येईल, आणि पुढे हा आकडा वाढवायचा विचार करा असा सल्लाही असेल. अपाचीला तुमची रॅम किती ते ठाऊक नसतं. वाढवू नका.