शब्दचर्चा : 'तलफ' आली की 'जीव घाबरा' झाला?

सांगली, गावभाग

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि आम्ही गच्चीवर बसून होतो. बाबांनी सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली होती. त्या रात्री त्यांनी शेजारच्या काकांकडून एक मागून घेतली. आई म्हणाली, "अजून तलफ गेली नाही का तुमची?" बाबा म्हणाले, "तलफ नाही गं ही. जीव घाबरा झालाय."

तेव्हापासून सिगारेट परत सुरू झाली, ती आजही आहे. आई अजून 'तलफ'च म्हणते, बाबा अजून 'जीव घाबरा'च म्हणतात. मला या दोन शब्दांचा उलगडा हवा आहे.

माझी समज अशी. तलफेला 'कशाची?' असं विचारता येतं. चहाची, तंबाखूची, सिगारेटची. जीव घाबरा होतो तेव्हा 'कशाला?' याचं उत्तर असतंच असं नाही. म्हणून 'घाबरणे' आणि 'जीव घाबरा होणे' हे मला एक वाटत नाहीत. माणूस कुत्र्याला घाबरतो, पण बंद खोलीत, गर्दीत, कधी काहीच नसताना त्याचा जीव घाबरा होतो. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात. पॅनिक अटॅकसाठी पुस्तकी 'भीतीचा झटका' करण्यापेक्षा हा घरातला शब्द जास्त नेमका आहे. 'धाकधूक' निकालाच्या आदल्या दिवशीची. 'धसका' घटना होऊन गेल्यावरही आत बसून राहणारा. 'घालमेल' या सगळ्यांत लांबलेली, दिवसच्या दिवस चालणारी.

पण जीव घाबरा झाला की हात सिगारेटकडेच का जातो? त्या जाण्याला शब्द आहे का?

तासगाव

ताई, मी ट्रक चालवतो. आमच्यात तलफ कमी, 'सुरसुरी आली' म्हणत्यात. पण गाडीचा हप्ता थकला आन् फायनान्सवाल्याचा फोन आला की काळीज लक्कन हलतं, त्याला कुणी सुरसुरी म्हणणार न्हाई. आन् फोन उचलायच्या आधी पेटवलेली असती. कधी पेटवली ते आठवत बी न्हाई.

मिरज

मी रुग्णालयात समुपदेशन करते. तुमच्या बाबांचं वाक्य मला जवळजवळ रोज ऐकायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. दोनेक तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की चिडचिड होते, चित्त लागत नाही, आत घालमेल सुरू होते. ही तलफच आहे, पण ती 'मला सिगारेट हवी' असं म्हणत येत नाही, 'मला टेन्शन आलंय' असं म्हणत येते. माणूस पेटवतो, घालमेल थांबते आणि त्याची खात्री पटते की सिगारेटनं टेन्शन घालवलं. मागच्या सिगारेटनं जे आणलं तेच पुढचीनं तात्पुरतं परत नेलं, एवढंच झालेलं असतं. शिवाय निकोटिननं नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. ज्यांचा जीव धडधडीनंच घाबरा होतो, त्यांना ही वाढीव धडधड पुढच्या झटक्याच्या दारापर्यंत नेऊ शकते.

आता आई की बाबा? त्या रात्री बाबा बरोबर होते. अकरा वर्षांनी शरीरात निकोटिनची मागणी उरलेली नसते. उरते ती सवयीची आठवण, 'असं झालं की तसं करायचं' ही. आज मात्र आईचं जास्त बरोबर आहे, कारण रोज ओढणाऱ्याच्या घालमेलीत तलफेचा वाटा मोठा असतो. २०१४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात दिसले. सोडल्यावरचे पहिले काही दिवस मात्र घालमेल वाढते. ती बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत निवळते. हे आधी सांगितलेलं नसलं तर माणूस तिसऱ्याच दिवशी म्हणतो, "मला सोडणं मानवत नाही."

एक विनंती. छातीत पहिल्यांदाच आवळल्यासारखं झालं, तर त्याला घरच्या घरी 'पॅनिक' हा शब्द लावू नका. सिगारेट ओढणाऱ्यानं तर नाहीच. आधी हृदयाची तपासणी, मग शब्द.

वाई

निवृत्त मराठी शिक्षक. अरबी 'तलब' म्हणजे मागणी, हिंदीत सिगारेटची तलबच लागते. मिरजेच्या ताईंनी सांगितलेली शरीराची मागणी ती हीच. संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकटही. मनुस्मृतीत राजाची अठरा व्यसनं मोजली आहेत, दहा कामातून आलेली, आठ क्रोधातून. भयातून आलेलं एकही नाही. आपल्याला मात्र तेच समोर दिसतं आहे.

माझं लक्ष 'दम' या शब्दाकडे जातं. फारसीत दम म्हणजे श्वास. जीव घाबरा होतो तेव्हा दम लागतो, चिलीम ओढणारा दम मारतो, थकलेला दम खातो आणि ज्याला थांबायचं आहे त्यानं दम धरायचा. सिगारेट ओढताना माणूस सावकाश खोल श्वास घेतो, सोडतो, चार मिनिटं बाजूला उभा राहतो. बरं वाटण्यातला काही भाग त्या श्वासाचाही असावा. 'ओढणे' आणि 'ओढ' यांचं नातं तर उघडच आहे. ताईंनी विचारलेल्या हात जाण्याला मी 'ओढ'च म्हणेन.

सांगली, गावभाग

सर, 'ओढ' पटला. त्यात मागणीही आहे आणि आठवणही.

मला आणखी एक शब्द सापडला, तो आमच्या नदीचा. पावसाळ्यात बाबा सकाळी पहिलं विचारतात, "किती फुटांवर?" आणि लगेच, "चढतंय का उतरतंय?" मी परवा तलफेबद्दल हेच विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "चढतंय." थोड्या वेळानं म्हणाले, "ओसरलं." घड्याळात सहा मिनिटं झाली होती. नंतर एक ओढलीच, पण तासाभरानं.

मिरज

'ओसरणे' मी उद्यापासून वापरते. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांतच कमी होतो. एकट्यानं जमेना तर तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. घालमेलच जास्त असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. तलफ ओसरेपर्यंत बाबांना म्हणायला सरांचं 'दम धरा' चांगलं आहे.

तासगाव

दम धरा म्हटलं की कुणीतरी दम दिल्यागत वाटतं. आमची आय दाढ दुखताना म्हणायची, "जरा कळ काढ." तसं म्हणा.

सांगली, गावभाग

दोन्ही म्हणून पाहिलं. 'दम धरा'ला बाबा म्हणाले, "मी काय पळत सुटलोय?" 'कळ काढा'ला काही बोलले नाहीत. काल संध्याकाळी गच्चीवर गेले, खिशात पाकीट होतं. मी जिन्यातून हाक मारली तर वरून आवाज आला, "थांब, कळ काढतोय."