केळीभावाचा रोजचा मेल स्पॅममध्ये जातोय, काय करावं?

रावेरकर_केळी
राम राम मंडळी. शेतकरी उत्पादक कंपनीकडून रोज सकाळी केळीचा भाव आणि करप्यावरच्या फवारणीचा सल्ला मेलने जातो. यादीत २,३०० पत्ते, त्यातले निम्मे मेळाव्याच्या नोंदवहीतून टाइप केलेले. पाठवणाऱ्याचा पत्ता साधा जीमेलचा, मेल मात्र वेबसाइटच्या होस्टिंगवरून (साइट ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवरून) सुटतो. बहुतेक मेल स्पॅममध्ये पडतात, रोज दीडशेएक परत येतात. मजकुरातून ‘मोफत’, ‘ऑफर’ काढून पाहिलं, फरक शून्य.

तापीकाठ
मजकूर राहू द्या भाऊ, रोग मुळाशी आहे. पत्ता जीमेलचा, सर्व्हर भलत्याचाच. जीमेलच्या परवानगीत तो सर्व्हर नाही आणि मेलवर जीमेलची डीकेआयएम सहीही (मेल त्याच डोमेनचा असल्याची डिजिटल खूण) नाही, म्हणून डीमार्क, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी हे जुळतं का ही तपासणी, नापास. मेल उघडा, तीन टिंबांवर ‘शो ओरिजिनल’ दाबा, वरच दिसेल.

कंपनीच्या डोमेनवरचा (स्वतःच्या वेबसाइटच्या नावाचा) पत्ता वापरा आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत) एसपीएफ (परवानगी असलेल्या सर्व्हरांची यादी), डीकेआयएम, डीमार्क या नोंदी करा. एसपीएफची नोंद एकच हवी. होस्टिंगवाल्याची एक आणि मेल सेवेची दुसरी अशा दोन ठेवल्या की दोन्ही बाद. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. दोघांचे ‘इन्क्लूड’ (‘यांचे सर्व्हरही चालतील’ असं सांगणारे भाग) एकाच ओळीत घाला, पण त्यातून होणारे डीएनएस शोध १० च्या वर जाता कामा नयेत. डीमार्क आधी ‘नन’ (नापास मेलवर कारवाई नको) वर ठेवून दोन-तीन आठवडे अहवाल बघा. बिलाचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा फॉर्म असे विसरलेले पाठवणारे त्यात सापडतात. त्यांची सोय लावल्यावरच ‘क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये) करा.

धुळे_सर्व्हर
वरचं सगळं बरोबर, पण यादी अशीच राहिली तर नवं डोमेनही पंधरा दिवसांत खराब होईल. परत आलेल्या मेलमधला कोड वाचा. ‘५५० ५.१.१’ म्हणजे तो पत्ताच नाही; पहिल्याच वेळी काढून टाका. ४ ने सुरू होणारा कोड तात्पुरता असतो, उदाहरणार्थ ४५२, पेटी भरलेली. सलग चार-पाचदा आला तर मात्र थांबवा.

नोंदवहीतल्या पत्त्यांना होकाराची लिंक पाठवा, रोज १५०-२०० च्या तुकडीने. सुरुवात नेहमी मेल उघडणाऱ्यांपासून. जो लिंक दाबणार नाही तो यादीबाहेर. २,३०० चे ९०० झाले तरी चालतील भो, ते वाचणारे तरी असतील.

रावेरकर_केळी
तोवर जीमेलमधूनच बीसीसीत टाकून पाठवू का?

तापीकाठ
नको. मोफत जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे. शिवाय बीसीसीत नाव काढायची सोय नसते, मग कंटाळलेला माणूस सरळ ‘स्पॅम’ दाबतो.

धुळे_सर्व्हर
आणि तेच महागात पडतं. जीमेल तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली मागतं. २,३०० मेल पोचले धरले तर सात जणांत गाडी अडली. २०२४ पासून जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय सक्तीची आहे. तुम्ही त्यात बसत नाही, तरी लावाच. ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ आणि ‘लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट’ हे दोन्ही हेडर (मेलच्या वरच्या, एरवी न दिसणाऱ्या ओळी) डीकेआयएम सहीत धरलेले हवेत, नाहीतर जीमेल ते बटण दाखवेलच असं नाही.