साखर चढते म्हणून वजन वाढते, की वजन वाढते म्हणून साखर?

धागाकर्ता : हल्ली मधुमेह नसलेली माणसेही दंडाला ग्लुकोजचा सेन्सर चिकटवतात आणि पोह्यांच्या बशीनंतर आलेख किती चढला ते मोबाइलवर पाहतात. मला त्यात काही वावगे वाटत नाही. पिष्टमय पदार्थांनी साखर वेगाने चढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि ते उतरेपर्यंत चरबीच्या पेशींतून चरबी बाहेर पडणे मंदावते. शिवाय, जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्याही खाली घसरते त्यांना लवकर भूक लागते आणि त्यांचे खाणे वाढते, असे ‘प्रेडिक्ट’ या आहारविषयक अभ्यासात दिसले आहे. ही भर वर्षानुवर्षे साचली तर वजन वाढणारच. त्यामुळे उष्मांक मोजत बसण्यापेक्षा हे चढउतार आटोक्यात ठेवावेत, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १ : साफ असहमत. त्याच पोह्यांवर दोन चमचे तेल जास्त घातले तर आलेख बसका होईल, पण उष्मांक वाढतील. मग वजन कोणाचे ऐकणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना आळीपाळीने दोन-दोन आठवडे दोन आहार दिले आणि हवे तितके खाण्याची मुभा ठेवली. भरपूर पिष्टमय, कमी स्निग्ध आहारावर साखर आणि इन्सुलिन दोन्ही अधिक चढले, तरीही त्या आहारावर माणसांनी दिवसाला सुमारे ७०० उष्मांक कमीच खाल्ले.

धागाकर्ता : दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून दहा वर्षांचे वजन कसे सांगणार?

प्रतिसाद १ : मग वर्षभराचा घ्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या चाचणीत ६०९ जण होते. कमी स्निग्ध आहाराच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोने आणि कमी पिष्टमय आहाराच्या गटाचे ६ किलोने घटले, म्हणजे फरक नगण्य. ज्यांचे इन्सुलिन मुळात जास्त स्रवत होते, त्यांनाही कमी पिष्टमय आहाराचा वेगळा लाभ झाला नाही.

प्रतिसाद २ : दहा वर्षांचेच हवे असेल तर १९९८ सालचा ब्रिटनमधला मोठा मधुमेह अभ्यास पाहावा, कारण तिथे चित्र नेमके उलटे आहे. कडक उपचार घेणाऱ्यांची साखर अधिक उतरली आणि वजन मात्र इतरांपेक्षा जास्त वाढले. इन्सुलिन घेणाऱ्यांत हा फरक सुमारे ४ किलोंचा होता. रक्तातली साखर साधारण १८० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या वर गेली की ती लघवीवाटे जाऊ लागते, आणि शंभर ग्रॅम साखर गेली तर चारशे उष्मांक गेले. उपचाराने ही गळती थांबते. (म्हणून कोणी औषध सोडू नये, डोळे आणि मूत्रपिंडे यांचे मोल त्या चार किलोंपेक्षा कितीतरी अधिक आहे.)

प्रतिसाद ३ : तुम्ही सगळे वजनकाट्यावर फारच विसंबलेले आहात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे छायाचित्र दिले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात आणि यकृतात चरबी साठते, तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि मग साखर चढते. अशा माणसाचे वजन दहा वर्षांत फारसे हलले नसले तरी पट्ट्याचे भोक मात्र पुढे सरकलेले असते, आणि या धाग्यात कमरेचा घेर अजून कोणी विचारलेलाच नाही.